पडद्यावरची लबाडी डोळ्याला नेमकी कशावरून कळते?

रोटोवाला

परवा दोन सिनेमे पाठोपाठ पाहिले. एक १९६३ चा ‘जेसन अँड द अर्गोनॉट्स’. त्यात सात सांगाडे ढालतलवारी घेऊन तीन माणसांशी लढतात. दुसरा अगदी अलीकडचा, नाव घेत नाही, त्यात शहरच्या शहर जमीनदोस्त होतं. सांगाडे खोटे आहेत हे शेंबड्या पोरालाही कळेल, तरी मी खुर्चीच्या काठावर आलो होतो. शहर कोसळत होतं तेव्हा मी मोबाइल बघत होतो.

हे मी बोलणं म्हणजे घरचाच आहेर, कारण माझं पोट याच धंद्यावर आहे. सुरुवात रोटोपासून झाली. नटाच्या कडेकडेने फ्रेममागून फ्रेम रेघ ओढत जायचं, म्हणजे मग त्याला मागच्या दृश्यातून उचलून दुसरीकडे नेता येतं. सेकंदाला २४ फ्रेम. पाच सेकंदांचा शॉट म्हणजे १२० वेळा तोच माणूस, तीच बोटं, तेच वाऱ्यावर भुरभुरणारे केस. लोकांना वाटतं आम्ही दिवसभर ड्रॅगन उडवतो. प्रत्यक्षात आम्ही दोऱ्या पुसतो, खांब पुसतो, काचेत दिसणारा कॅमेरामन पुसतो. आता मी कॉम्पोझिटिंग करतो, म्हणजे वेगवेगळे तुकडे एकाच कॅमेऱ्याने एकाच क्षणी टिपल्यासारखे दिसतील असे जुळवायचं काम.

माझ्या मते लबाडी सगळ्यात आधी उजेडात पकडली जाते. म्हणून सेटवर शॉट संपला की एक जण कॅमेऱ्यासमोर दोन गोळे धरून उभा राहतो, एक आरशासारखा चकचकीत आणि एक मळकट करडा. चकचकीत गोळ्यात सगळे दिवे, खिडक्या, आकाश, अगदी चहा पिणारे लोकसुद्धा दिसतात, म्हणजे उजेड कुठून कुठून येतोय त्याचा नकाशाच मिळतो. करड्या गोळ्यावर तो उजेड कसा पडतो आणि सावलीकडे कसा वळतो ते दिसतं. जो प्राणी तिथे नव्हताच, त्याला नंतर याच उजेडात उभं करायचं असतं. नवा नट असला की त्याला वाटतं आपली कुणीतरी चेष्टा करतंय.

आणि काळा रंग! दूरच्या वस्तूचा काळा कधीच ठार काळा नसतो. मधे हवा असते, धूळ असते, त्यामुळे तो पांढुरका होत जातो. मी माझ्या पहिल्या मोठ्या शॉटमध्ये क्षितिजावर जहाज बसवलं होतं. उजेड जुळवला, सावली जुळवली, पाण्यातलं प्रतिबिंबसुद्धा केलं. साहेबांनी एकदाच पाहिलं आणि म्हणाले, “चिकटवलंय.” दोन दिवस डोकं फोडल्यावर कळलं की मूळ चित्रणात फिल्मचे बारीक दाणे वळवळत होते आणि माझं जहाज मात्र धुतल्यासारखं स्वच्छ होतं. जहाजावर दाणे टाकले आणि ते समुद्रात गेलं.

तुम्हाला कुठल्या गोष्टीवरून लबाडी कळते? सिनेमांची यादी नको, कशावरून कळलं ते सांगा.

काळी_मांजर

साधी गोष्ट आहे. पूर्वी सगळं खरं असायचं, आता सगळं कंप्युटरमध्ये. खोटं ते खोटंच दिसणार. विषय संपला.

जुना_प्रोजेक्टर

मांजरबाई, “पूर्वी सगळं खरं” हे नेमकं कधी होतं म्हणे?

१८९५ साली एडिसनच्या कंपनीने स्कॉटलंडच्या मेरी राणीच्या शिरच्छेदाची फिल्म काढली, अर्ध्या मिनिटाचीही नाही. राणी मान ठेवते, कॅमेरा थांबतो, नट उठून जातो, त्याच्या जागी बाहुली ठेवतात, कॅमेरा पुन्हा सुरू. कुऱ्हाड पडते, मुंडकं घरंगळतं. सिनेमा जेमतेम चालायला लागला होता आणि लबाडी हजर. पुढे पॅरिसमध्ये मेलिएस या सुरुवातीच्या सिनेमावाल्याचा कॅमेरा रस्त्यावर चित्रण करताना अडकला आणि पडद्यावर बसगाडीची एकदम प्रेतगाडी झाली, असं तो स्वतः सांगायचा. खरंखोटं तो जाणे, पण जादूगारच होता तो, एवढी खूण त्याला पुरली.

आता माझी सगळ्यात आवडती युक्ती. १९२७ च्या ‘मेट्रोपोलिस’मध्ये ऑयगेन श्युफ्टानने कॅमेऱ्यापुढे ४५ अंशांत आरसा तिरका लावला. बाजूला ठेवलेली छोटीशी इमारत आरशात दिसते. मग जिथे माणसं हवीत तेवढ्याच जागेची चांदी खरवडून काढायची. तिथे उरते नुसती काच, आणि काचेतून लांब उभे असलेले नट दिसतात. लांब असल्यामुळे ते मुंगीएवढे, आणि जवळचं खेळणं गगनचुंबी. जोडकाम लॅबमध्ये नाही, थेट भिंगात. रोटोवाल्यांनी उजेड म्हटलं ते इथेही तितकंच खरं. खेळण्यावरचा उजेड आणि नटांवरचा उजेड जुळला नाही की आरसा पकडला जाणार.

आपल्याकडचं सांगायचं तर १९३७ च्या ‘ख्वाब की दुनिया’त बाबूभाई मिस्त्रींनी अदृश्य माणूस दाखवला. काळ्या पडद्यापुढे काळ्या दोऱ्याने वस्तू हलवल्या. लोक त्यांना ‘काला धागा’च म्हणायला लागले.

आगाऊ_कार्टं

म्हणजे हा धागासुद्धा त्यांनाच अर्पण करायला हवा.

काळी_मांजर

मला “बाई” कुणी ठरवलं? 😾 असो. आरसा, दोरा, बाहुली या खऱ्या *वस्तू* होत्या एवढंच मला म्हणायचं होतं. त्यांच्यावर खरा उजेड पडायचा. कंप्युटरमध्ये तो कुठून आणणार?

रोटोवाला

मांजर, आता बोललात खरं. तुमचा मुद्दा इतका रास्त आहे की धंदा स्वतःच तिकडे वळलाय. नटामागे हिरवा पडदा लावायचा आणि नंतर हिरव्याच्या जागी दुसरं दृश्य बसवायचं, या पद्धतीचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे हिरवा गळतो. एवढं मोठं हिरवं कापड पेटवल्यासारखं उजळायचं, मग तो रंग नटाच्या गालावर, टकलावर, चष्म्यावर येणारच. गालावरचा आम्ही काढतो. पण नटाने चकचकीत चिलखत घातलं असेल तर अख्खं चिलखतच हिरवं! २०१९ ची ‘द मँडलोरियन’ ही मालिका घ्या. तिचा नायक नखशिखान्त चकचकीत धातूत. त्यांनी हिरवा पडदा न लावता नटाच्या भोवती एलईडीची प्रचंड वक्र भिंत उभी केली आणि तिच्यावर वाळवंट दाखवलं. कॅमेरा हलला की भिंतीवरचं दृश्यही त्याच्या हिशोबाने सरकतं. संध्याकाळचा नारिंगी उजेड चिलखतावर खरोखर पडतो. आमच्यासारख्यांचं काम थोडं कमी झालं, पण तक्रार नाही.

नवशिका

बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. हिरवाच का? लहानपणी निळा पडदा पाहिल्याचं आठवतं.

रोटोवाला

हसण्यासारखं काही नाही, मीही विचारलं होतं. माणसाच्या कातडीत तांबडा जास्त, त्यामुळे निळा किंवा हिरवा हे दोन्ही तिच्यापासून वेगळे काढता येतात. फिल्मच्या जमान्यात निळा चालायचा. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर मात्र साधारणपणे दर चार ठिपक्यांत दोन हिरवे असतात, एक लाल, एक निळा. म्हणजे हिरव्याची माहिती सगळ्यात भरघोस आणि स्वच्छ, कडा नीट निघतात. शिवाय तो उजळायला दिवे कमी लागतात. निळा अजूनही वापरतात, रात्रीच्या दृश्यात तर हमखास, कारण थोडा निळा गळला तरी चांदणं म्हणून खपतो.

जुना_प्रोजेक्टर

या दोन्हींपेक्षा भारी गोष्ट होती पिवळी!

सोडियमचे दिवे आठवतात का, रस्त्यावरचे? त्यांचा उजेड जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, साधारण ५८९ नॅनोमीटर. पांढऱ्या पडद्यावर तो टाकायचा आणि नटावर नेहमीचे दिवे. कॅमेऱ्यात खास लोलक, तो बरोबर तेवढाच पिवळा पट्टा वेगळा काढून दुसऱ्या फिल्मवर पाठवतो. एका फिल्मवर रंगीत नट, दुसरीवर त्याच क्षणी तयार झालेला काळापांढरा साचा, म्हणजे नट कुठे आहे आणि कुठे नाही ते दाखवणारी आकृती. रोटो नाही, गळती नाही, आणि पिवळा कपडा घातला तरी हरकत नाही, कारण कपड्याचा पिवळा म्हणजे तो एकच पट्टा नव्हे. १९६४ च्या ‘मेरी पॉपिन्स’मध्ये डिस्नीने हे वापरलं. त्याच्या आदल्या वर्षी हिचकॉकने ‘द बर्ड्स’साठी डिस्नीकडच्या अब आयवर्क्सना बोलावलं ते यासाठीच. फडफडणाऱ्या पंखांची कड निळ्या पडद्यावर धड निघत नव्हती.

अडचण एकच. तो लोलक बनवणं महाकठीण आणि कॅमेरा अवजड. म्हणून उत्तम असूनही पद्धत मागे पडली.

रोटोवाला

वाचनखूण साठवली. केसांच्या कडा काढताना रात्री जागवल्यात, आता झोप येणार नाही.

गणिताचा_तास

धाग्यात अजून वजनाबद्दल कुणी बोललं नाही. माझ्या मते लबाडी उजेडात नंतर कळते, आधी कळते ती पडण्याच्या वेळात.

वस्तू १ मीटरवरून सोडली तर जमिनीवर यायला ०.४५ सेकंद लागतात. १०० मीटरवरून सोडली तर ४.५ सेकंद. उंची शंभर पट, वेळ फक्त दहा पट, कारण वेळ उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो. हे सूत्र माहीत नसलं तरी प्रत्येकाचा डोळा ते जन्मभर पाहत आलेला असतो. म्हणून मीटरभर उंचीचा खोटा मनोरा पाडला की तो पटकन पडतो आणि आपण म्हणतो, “खेळणं!” उपाय असा की कॅमेरा वेगात फिरवायचा आणि नेहमीच्या वेगाने दाखवायचं. किती वेगात? मापाच्या वर्गमुळाइतक्या. १:१६ चं मॉडेल असेल तर चौपट, सेकंदाला ९६ फ्रेम. १:२५ असेल तर पाचपट, १२० फ्रेम.

कंप्युटरमधली शहरं डोळ्याला खटकतात ती बहुधा याच जागी. आकडेमोड बरोबर असते, पण मग दिग्दर्शकाला ते संथ वाटतं आणि वेग वाढवला जातो. शंभर मजली इमारत दोन सेकंदांत खाली आली की ती पुठ्ठ्याची झाली.

रोटोवाला

कान पकडले. “जरा फास्ट करा ना” हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय! आणि केलंयसुद्धा.

नवशिका

गणिताचा तास, हे घरी करून बघता येईल? पुतणीची प्लास्टिकची होडी आहे, साधारण ३० सेंटिमीटर. टबात वादळ करायचा विचार आहे. फोनमध्ये सेकंदाला २४० फ्रेमची सोय आहे.

गणिताचा_तास

होडी ३० सेंटिमीटर, तिला ३० मीटरचं जहाज मानू. माप १:१००, वर्गमूळ १०, म्हणजे २४ च्या दहापट, बरोबर २४०. असा जुळून आलेला योग सोडू नका! फक्त उजेड भरपूर लागेल. दहापट फ्रेम म्हणजे प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला दहावा हिस्सा प्रकाश. घरातले दिवे लुकलुकतील, उन्हात करा.

रोटोवाला

आणि फोन पाण्याच्या अगदी लगत धरा. माणूस बोटीतून जिथून बघेल तिथून. वरून घेतलंत की संपलं, जहाजाकडे वरून बघायला हेलिकॉप्टर लागतं आणि टबाकडे बघायला नुसतं उभं राहावं लागतं. मागचं सगळं धूसर झालं तरी चोरी उघडी पडते, कारण जवळच्या छोट्या वस्तूवर भिंग रोखलं की मागचं पुसट होतं. खऱ्या जहाजामागचं क्षितिज इतकं पुसट होत नाही.

मेकअपची_पेटी

मी कॅमेऱ्यामागची नाही, चेहऱ्यासमोरची आहे. जखमा, भाजणं, म्हातारपण हे माझं खातं. इथे सगळे लबाडी “दिसण्या”बद्दल बोलताहेत, पण ती ऐकूही येते हो!

जुन्या सिनेमांत बर्फ म्हणून कॉर्नफ्लेक्स पांढरे रंगवून उधळायचे. पडद्यावर सुरेख, पण पायाखाली असा करकराट की संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागायचे. १९४६ च्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’साठी आग विझवायच्या फेसात साबण आणि पाणी मिसळून पंख्यांनी उडवलं, तेव्हा कुठे बर्फ मुका झाला. त्या आधी तर अ‍ॅस्बेस्टॉसही बर्फ म्हणून वापरलंय लोकांनी. नटनट्यांच्या अंगावर ते भुरभुरत होतं या विचाराने आजही काटा येतो.

रक्ताचंही तसंच. कृष्णधवल ‘सायको’मध्ये (१९६०) चॉकलेटचं पातळ सिरप वापरलं, कारण काळ्यापांढऱ्यात तेच रक्तासारखं दिसलं. आम्हाला आता दोन-तीन प्रकार बाळगावे लागतात. ताजं पातळ आणि चकाकणारं, जुनं घट्ट आणि तपकिरी. नवी मुलं सगळीकडे लालभडक ओततात आणि जखम दिवाळीच्या रांगोळीसारखी दिसते. जखमेत खरं काम कडेला असतं, सिलिकोनची कातडी जिथे खऱ्या कातडीला मिळते तिथे. ती कड कागदापेक्षा पातळ करून विरघळवावी लागते.

रोटोवाले, म्हणजे तुमचं आणि आमचं दुखणं एकच. कड.

रोटोवाला

अगदी. केस, कड आणि जमिनीला पाय टेकतात तिथली सावली. तळपायाखालची ती बोटभर काळी रेघ नसली की पन्नास टनांचा राक्षससुद्धा तरंगतो.

काळी_मांजर

मग डायनासोर? १९९३ चा ‘जुरासिक पार्क’ मी आजही डोळे मिटून बघते. तो तर कंप्युटरच ना?

जुना_प्रोजेक्टर

(“बघते”! म्हणजे बाईच. माझा अंदाज चुकला नव्हता.)

तिथेच तर गंमत आहे. दोन तासांच्या सिनेमात डायनासोर दिसतात साधारण पाव तास, आणि त्यातला कंप्युटरचा भाग निम्म्याहून कमी. बाकी सगळे खरे यांत्रिक प्राणी. मोठा टी-रेक्स पावसात उभा होता, त्याची फोमची कातडी पाणी प्यायली आणि वजन वाढून तो थरथरायला लागला. दोन शॉटच्या मधे टॉवेलने पुसत बसायचे म्हणे त्याला.

ग्लासातल्या पाण्यावर उठणारी ती गोल वलयं आठवतात? मायकेल लँटिएरीने गाडीच्या डॅशबोर्डखालून गिटारची तार ताणली आणि खालून छेडली. एवढंच. संबंध सिनेमात वजनाची जी भीती बसते ती त्या तारेमुळे.

रोटोवाला

मी याच्यात भर घालतो, कारण हा किस्सा आमच्या धंद्याचा कुळाचार आहे. त्या सिनेमात आधी डायनासोर स्टॉप मोशनने करायचे होते. छोटी पुतळी, केसभर हलवायची, एक फ्रेम घ्यायची, पुन्हा हलवायची. वर म्हटलेल्या सांगाड्यांच्या लढाईला रे हॅरीहाउझेनला असे साडेचार महिने लागले. या पद्धतीची खोड अशी की फ्रेम घेताना पुतळी स्थिर असते, म्हणून हालचालीची पुसट रेघ येत नाही आणि ती टकटक हलल्यासारखी वाटते. १९३३ च्या ‘किंग काँग’मध्ये तर माकडाची लव सतत वळवळते. वारा नव्हे, पुतळी हलवणाऱ्या विलिस ओब्रायनची बोटं!

तर कंप्युटरची चाचणी पाहिल्यावर स्टॉप मोशन रद्द झालं. त्या कलेतला उस्ताद फिल टिपेट म्हणाला, आता आम्ही नामशेष. पण कंप्युटरवाल्यांना प्राणी चालतो कसा हे कुठे ठाऊक होतं? पुढचा पाय टाकण्याआधी वजन मागे कसं जातं, मान कधी खाली येते, हे टिपेटच्या लोकांच्या बोटांत होतं. मग धातूचा सांगाडा केला, त्याच्या सांध्यांत सेन्सर बसवले. हे लोक नेहमीसारखा तो हातांनी केसभर हलवायचे आणि कंप्युटरमधला प्राणी तसा हलायचा.

म्हणून मांजर, तुम्ही डोळे मिटता ते कंप्युटरला घाबरून नव्हे. पुतळ्या हलवण्यात आयुष्य घालवलेल्या बोटांना घाबरून.

काळी_मांजर

मान्य. पण “विषय संपला” हे माझं पहिलं वाक्य मागे घेणार नाही, सवय आहे.

आगाऊ_कार्टं

अवांतर: स्पेशल इफेक्ट्स आणि व्हिज्युअल इफेक्ट्स एकच ना? दोन्हीत शेवटी हिरो वाचतोच.

मेकअपची_पेटी

ढोबळमानाने, कॅमेरा चालू असताना जे घडवतात ते स्पेशल: पाऊस, धूर, स्फोट, फुटणारी काच, यांत्रिक प्राणी. नंतर चित्रात जे घालतात किंवा काढतात ते व्हिज्युअल. स्फोटाच्या माणसाकडे परवाना असतो आणि सेटवर त्याचा शब्द शेवटचा. तो नाही म्हणाला की दिग्दर्शकाचंही चालत नाही. पडद्यावरच्या पावसाबद्दल एकच सांगते, मागून दिवा नसेल तर कितीही टँकर ओता, कॅमेऱ्याला थेंब दिसत नाहीत.

नवशिका

मंडळी, वादळ पार पडलं. गच्चीत, भर उन्हात, फोन पाण्याला चिकटवून. होडीवर राखाडी रंग मारला (पुतणी दोन दिवस बोलत नव्हती). पंखा लावून लाटा केल्या.

चांगली बातमी: होडी आता खरंच जड वाटते. लाटेवर चढते, क्षणभर थांबते आणि सावकाश कोसळते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर शहारा आला. पुतणीही म्हणाली, “ही माझी नाही.”

वाईट बातमी: पाणी टबातलंच वाटतं. उडालेले थेंब गोटीएवढे गोल, फेस तर होतच नाही. वेग बरोबर, उजेड बरोबर, मग चुकलं कुठे?

गणिताचा_तास

तुमचं काही चुकलेलं नाही. पाण्याला माप समजत नाही. थेंब किती मोठा होणार हे पाण्याचा पृष्ठताण ठरवतो, आणि तो तुमच्या टबातही तेवढाच आणि समुद्रातही तेवढाच. टबात उडालेला ४ मिलिमीटरचा थेंब १:१०० च्या जगात ४० सेंटिमीटरचा होतो. तुमच्या जहाजावर कलिंगडं पडताहेत. म्हणून पाण्याचा प्रसंग असला की मॉडेल होईल तितकं मोठं करायचं, आणि एवढं करूनही आग आणि पाणी ही दोन कामं मॉडेलवाल्यांना नकोशी असतात.

रोटोवाला

ती क्लिप पाठवा. होडी तुमचीच ठेवतो, पाणी मी बदलून देतो. मूळ फाइल पाठवा, व्हॉट्सअ‍ॅपवरून नको. आणि ऊन कुठून येत होतं ते आठवत असेल तर लिहा. जवळ चकचकीत वाटी असेल तर त्याच जागी, त्याच वेळी टबाशेजारी ठेवून एक फोटो काढा.

नवशिका

वाटी ठेवली. फोटोत ऊन आहे, टाकी आहे, दोरीवरचे कपडे आहेत, आणि मागे हाताची घडी घालून उभी असलेली पुतणी आहे. चालेल?

रोटोवाला

चालेल. पुतणी पुसतो.